गोठ्यातला प्रायमस

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाईच्या बाजूला आमचे गाव आहे. तिथल्या घराच्या गोठ्यात, पेंढ्याच्या माळ्यावर, आजीचा पितळी स्टोव्ह पंचवीस-तीस वर्षे पडून होता. गेल्या वर्षी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेने स्वयंपाकाच्या इंधनांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. तिथल्या विज्ञानाच्या बाई माझ्या वर्गमैत्रीण. त्यांनी फोनवर सांगितले, "स्टोव्ह नुसता मांडायचा नाही हं, पेटवून दाखवायचा. आमच्या मुलांनी तो आवाजच ऐकलेला नाही."

मी होकार दिला. धातूंचे रसायन हा माझ्या कामाचा विषय असल्यामुळे एक जुना स्टोव्ह पेटवणे मला अवघड वाटले नाही. चार रविवार त्यावर खर्च झाले. वायसर बदलला, बर्नर उजळला, टाकी सोन्यासारखी चमकू लागली, आणि तरीही शेवटी तो स्टोव्ह आम्ही पेटवला नाही. का पेटवला नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

युरोपात आणि अमेरिकेत रॉकेलवर चालणाऱ्या खोली उबदार करण्याच्या जुन्या शेगड्या दुरुस्त करण्याचा छंद अनेकांना आहे. आपल्या हवेला अशा शेगड्यांची गरज फारशी पडली नाही. पण त्याच कुळातले एक यंत्र आपल्याकडे घरोघर होते, ते म्हणजे पंपाचा स्टोव्ह. एका कंपनीच्या नावावरून त्याला सरसकट 'प्रायमस' म्हटले जाई. हे यंत्र समजून घ्यायचे तर सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करावी लागते.

जळते काय?

रॉकेल जळते असे आपण म्हणतो. नीट पाहिले तर द्रवरूप रॉकेल जळत नाही. त्याची वाफ होते, ती वाफ हवेत मिसळते आणि ते मिश्रण जळते. वर्गात हे रॉकेलशिवाय दाखवता येईल. मेणबत्ती काही मिनिटे जळू द्या, हलकेच फुंकून विझवा आणि वातीवरून वर जाणाऱ्या पांढऱ्या रेषेला पेटती काडी लावा. काडी वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर असली तरी ज्योत त्या रेषेवरून उडी घेऊन वातीवर बसते. ती पांढरी रेषा म्हणजे मेणाची वाफ. मायकेल फॅरेडेने मेणबत्तीवरील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत मुलांना हाच प्रयोग दाखवला होता.

कोणते द्रव किती तापमानाला पेटण्याइतकी वाफ देऊ लागते, त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलच्या बाबतीत ते शून्याखाली चाळीस अंशांच्याही खाली असते. म्हणून उघड्या पेट्रोलवर हिवाळ्याच्या रात्रीही पेटण्याजोगी वाफ तयार असते. घरगुती रॉकेलचा फ्लॅश पॉइंट भारतीय मानकानुसार निदान ३५ अंश सेल्सियस असावा लागतो. म्हणजे नेहमीच्या तापमानाला बशीत ओतलेले रॉकेल काडी दाखवताच पेटत नाही. त्याची आधी वाफ करावी लागते. ही वाफ कुठे आणि कशी करायची, या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास म्हणजेच रॉकेलच्या उपकरणांचा इतिहास.

वातीपासून पंपापर्यंत

कॅनडातील अब्राहम गेस्नर याने १८४६ मध्ये कोळशापासून दिव्याचे तेल काढून दाखवले. मेण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने त्याला 'केरोसीन' हे नाव दिले. १८५३ मध्ये इग्नासी लुकासिएविच या औषधनिर्मात्याने खनिज तेलापासून काढलेल्या रॉकेलचा दिवा तयार केला. त्याच वर्षी ल्विव्ह शहरातल्या एका रुग्णालयात त्या दिव्याच्या उजेडात शस्त्रक्रियाही झाली. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागले आणि पाहता पाहता रॉकेल जगभर पोहोचले. आपल्या 'रॉकेल' शब्दाचे मूळ इंग्रजी 'रॉक ऑइल'मध्ये आणि 'घासलेट'चे 'गॅसलाइट'मध्ये सांगितले जाते.

दिव्यात वाफ होते ती वातीच्या टोकाशी. केशाकर्षणाने तेल वर चढते, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती जळते. पण तिला पुरेशी हवा मिळत नाही. अर्धवट जळालेले कार्बनचे कण तापून पिवळे चमकतात. दिव्याला हेच हवे असते, कारण तो पिवळा प्रकाश म्हणजे तापलेली काजळीच. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राला याच पिवळ्या उजेडासाठी आठवतो. स्वयंपाकाला मात्र काजळी नको, उष्णता हवी.

त्यावरचा उपाय स्वीडनमध्ये निघाला. कार्ल रिचर्ड न्यूबर्ग याने १८८० च्या दशकात धातूकामासाठी दाबावर चालणारा झोतदिवा बाजारात आणला होता. स्टॉकहोममधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने तेच तत्त्व चुलीला लावले आणि १८९२ मध्ये 'प्रायमस'चे उत्पादन सुरू झाले. यात वात नाही. टाकीत पंपाने हवा भरायची. हवेचा दाब रॉकेलला नळीतून वर ढकलतो. बर्नर आधीच तापवलेला असतो. त्याच्या पोकळ नळ्यांतून जाताना रॉकेलची वाफ होते आणि ती सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून जोरात बाहेर पडते. जाताना ती भोवतालची हवा ओढून घेते. भरपूर हवेत मिसळलेली वाफ निळ्या ज्योतीने जळते, आणि त्याच ज्योतीने नळ्या तापत राहतात. एकदा पेटला की स्टोव्ह आपली वाफ आपणच तयार करतो. तो प्रसिद्ध भर्रर्र आवाज म्हणजे वेगाने येणाऱ्या वाफेचा आणि हवेच्या खळबळीचा आवाज.

पहिली वाफ मात्र आपल्याला करून द्यावी लागते. म्हणून तो स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा. बर्नरला काकडा लावून आजी दोन मिनिटे शांत उभी राही. घाईघाईत पंप मारणाऱ्या माझ्या काकांना ती ओरडे, "आधी तापू दे की रे!" भौतिकशास्त्र तिला ठाऊक नव्हते, पण वाफेआधी दाब दिला तर काय होते, हे तिने पाहिलेले होते.

ध्रुवापासून घाटमाथ्यापर्यंत

नॉर्वेचा फ्रिट्योफ नान्सेन १८९३ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघाला तेव्हा प्रायमस त्याच्याबरोबर होता. रोआल्ड आमुन्सेनने दक्षिण ध्रुवाच्या १९११ च्या मोहिमेतही तो नेला. त्याच सुमारास रॉबर्ट स्कॉटच्या तुकडीला परतीच्या वाटेवर साठवून ठेवलेल्या डब्यांत रॉकेल कमी भरले. डब्यांच्या बुचांखालच्या चामडी वायसरांतून ते निसटले असावे, असे मानले जाते. आमुन्सेनने आपल्या डब्यांना डाख लावून ते बंद केले होते. रॉकेलचे पृष्ठीय ताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असते, त्यामुळे ते अगदी बारीक फटीतून सरकते. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

आमच्या घाटमाथ्यावर बर्फ नाही, पण पाऊस आहे. रतनवाडी, घाटघर या भागात जून ते सप्टेंबर सरपण कोरडे राहणे कठीण. ओल्या लाकडातले एक किलो पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते आणि उरलेली ज्योत धुरातच घुसमटते. एक लिटर रॉकेलमध्ये साधारण ३४ हजार किलोज्यूल उष्णता असते. निम्मी वाया गेली असे धरले तरी उरलेल्यात पन्नासेक लिटर पाणी उकळू शकते. आमच्याकडे भाकरी चुलीवर होई. पण पहाटेचा चहा, बाळंतिणीचे पाणी, रात्री-अपरात्री आजाऱ्याची पेज हे सगळे स्टोव्हवर. रेशनचे रॉकेल मोजून मिळे, म्हणून स्टोव्हही मोजूनच पेटे. आजीच्या डोळ्यांना त्या चार महिन्यांत जो काही आराम मिळाला, तो या पितळी टाकीमुळे.

चार रविवार

अकोल्याच्या बाजारात पूर्वी गॅसबत्त्या आणि स्टोव्ह दुरुस्त करणारे एक मिस्त्री आता कुकर आणि मिक्सर दुरुस्त करतात. वय सत्तरीच्या पुढे. स्टोव्ह पाहताच त्यांनी तो उचलून कानाशी हलवला. "सर, आत गंज नाही, नुसता गाळ आहे. पितळ आहे ना!"

पहिल्या रविवारी आम्ही टाकी रिकामी केली. तळाशी डांबरासारखा थर होता. पंपाचा दांडा काढला तेव्हा चामड्याचा वायसर सुकून लाकडासारखा झालेला. नवा वायसर त्यांनी तेलात भिजत ठेवला. चामडे मऊ झाले की त्याची वाटी पंपाच्या भिंतीला चिकटते. दांडा खाली दाबला की हवा पुढे जाते, वर ओढला की वायसर दुमडून बाजूने हवा आत घेतो. एकच चामड्याचा तुकडा पंपाचेही काम करतो आणि झडपेचेही. सायकलच्या पंपात मुलांना हे दाखवता येईल.

दुसऱ्या रविवारी बर्नर. नळ्यांत कार्बन साचला होता. वाफ होताना रॉकेलचे काही रेणू उष्णतेने तुटतात आणि कार्बन मागे राहतो. म्हणूनच स्टोव्हला पिन लागते. तिसऱ्या रविवारी टाकीच्या आतला उलट-झडपेचा रबर बदलला आणि चिंचेने टाकी घासली. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्याचे ऑक्साइड विरघळवते, एवढे मी सांगू लागलो तेव्हा मिस्त्री हसले. त्यांचा हात माझ्या वाक्याच्या पुढे होता.

टाकीचे सांधे कथील आणि शिशाच्या डाखाचे होते. त्याचा एक प्रकार १८३ अंशांनाच वितळतो. वर शेकडो अंशांची ज्योत असताना हातभर खाली असा डाख टिकतो, कारण टाकीतले रॉकेल ती थंड ठेवते. टाकी तापू लागली, तर ही सगळी रचना धोक्यात येते.

केसासारखी रेघ

चौथ्या रविवारी चाचणी होती. मिस्त्रींनी रिकाम्या टाकीत पाच-सहा पंप मारून ती पाण्याच्या बादलीत बुडवली. बुडबुडे आले नाहीत. मी खूश झालो. त्यांनी मात्र टाकी पुसली, आत थोडे रॉकेल घालून ते सगळीकडे फिरवले आणि बाहेरून खडूची पूड फासली. "आता चहा घेऊ," म्हणाले.

चहा संपला तेव्हा टाकीच्या खांद्याजवळ, जिथे पत्रा वळतो तिथे, पांढऱ्या खडूवर चार सेंटिमीटरांची काळपट ओली रेघ उमटली होती. केसाएवढी. पाण्याच्या परीक्षेत हवेला जिथून वाट मिळाली नाही, तिथून रॉकेल सावकाश बाहेर आले होते. रेल्वेच्या कारखान्यांत धातूतले तडे शोधायला तेल आणि खडूची अशीच पद्धत वापरत असत.

मी विचारले, डाख लावून भागणार नाही का? ते म्हणाले, "सर, रेघ बुजवता येईल. पण शेजारी दुसरी निघेल. ही टाकी मी पंप मारून कुणाला देणार नाही."

त्यांचे म्हणणे धातुशास्त्राच्या इतिहासाला धरून होते, आणि तो इतिहास आपल्याच मातीतला आहे. ब्रिटिश राजवटीत भारतातल्या लष्कराच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत. ना ठोका, ना भार. पावसाळ्याशी संबंध दिसला म्हणून या प्रकाराला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले. पुढे, १९२१ मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्याचे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. काडतुसे पावसाळाभर तबेल्यांत साठवली जात. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघे. पुंगळ्या थंड पितळ ओढून घडवलेल्या असल्याने त्यांच्यात घडणीचा ताण शिल्लक असे. पितळ, आतला ताण आणि दमट हवेतला अमोनिया हे तिन्ही एकत्र आले की तडा जाई. पुंगळ्या बेताने तापवून तो ताण घालवणे हा उपाय होता.

आता आमचा स्टोव्ह पाहा. टाकी दाबून, ओढून घडवलेल्या पितळी पत्र्याची. ताण सर्वांत जास्त राहतो तो वळणावर. ठेवलेला गोठ्याच्या माळ्यावर, खाली गाईबैल. आणि पाऊस अकोले तालुक्याच्या पश्चिमेचा! गोठ्याऐवजी तबेला म्हटले की १९२१ चे स्पष्टीकरण जसेच्या तसे लागू पडते. शिक्षकांनी मोरचूदाच्या द्रावणात अमोनियाचे काही थेंब घालून दाखवावेत. आधी फिका निळसर साका येतो, आणखी अमोनिया घातला की तो विरघळून गडद निळा रंग उमटतो. तांबे आणि अमोनिया यांची ही ओढच पितळेचा घात करते.

'भडका उडाला'

त्या रात्री मला झोप लागेना. चाळीस मुले भोवती उभी करून मी हा स्टोव्ह पेटवणार होतो. तडा ज्योतीच्या जवळ होता. दाबाखाली तिथून तुषार उडाले असते. रॉकेलचा बारीक तुषार वाफेसारखाच झटकन पेटतो. त्याला ३५ अंशांची वाट पाहावी लागत नाही.

आणि एक जुने वाक्य आठवत राहिले. १९८० आणि १९९० च्या दशकांत मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ते वारंवार दिसे: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. तीन-चार ओळींची बातमी असे. वाक्यात कर्ता नसे. भडका उडाला, एवढेच.

या लेखात पाहिलेल्या तत्त्वाने त्या वाक्याला प्रश्न विचारता येतात. भडक्याला वाफ किंवा तुषार लागतो. तो आला कुठून? बर्नर न तापवता पंप मारल्यास द्रव रॉकेल वर उसळून उंच पिवळी ज्योत येते. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतल्यास, सांधा सुटल्यास, टाकी तडकल्यास किंवा रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ असल्यास अपघात होतो. अशा खऱ्या अपघातांत अनेक स्त्रिया गेल्या, आणि निकृष्ट स्टोव्हना आळा घालण्यासाठी केंद्र सरकारला १९८७ मध्ये पंपाच्या स्टोव्हच्या दर्जाबाबत नियंत्रण आदेश काढावा लागला. पण टाकी शाबूत, झाकण घट्ट, बर्नर थंड, आणि लुगडे मात्र खांद्यापासून खाली रॉकेलने भिजलेले, असे असेल तर? भिजलेले कापड म्हणजे मोठी वातच. ते फ्लॅश पॉइंटच्या खालीही पेटते. तिथे स्टोव्हने काही केलेले नसते. उलट, टाकी शाबूत आहे एवढ्यावरून अपघात झालाच नाही, असेही म्हणता येत नाही. प्रत्येक वेळी पाहावे लागते.

पाहण्याची सक्ती कायद्यात उशिरा आली. १९८३ च्या दुरुस्तीने लग्नाला सात वर्षे न झालेल्या स्त्रीच्या संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदनाची तरतूद झाली आणि छळासाठी ४९८-अ कलम आले. १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब कलम आले. २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८० व्या कलमात आहे. त्याआधी कितीतरी मृत्यू त्या कर्ता नसलेल्या वाक्यात बंद झाले. पितळ 'आपोआप' तडकते असे लष्करातही मानले जाई. कुणीतरी तबेल्यापर्यंत गेले तेव्हा कारण सापडले.

शाळेच्या मैदानावर

पंपाच्या स्टोव्हचा काळ आता सरला. इंडियन ऑइलच्या फरिदाबाद येथील संशोधन केंद्राने १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'नूतन' हा कमी रॉकेल खाणारा वातीचा स्टोव्ह दिला. त्यात दाब नाही, म्हणून तुषारही नाही. पुढे गॅस पसरला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि मार्च २०२० पासून रेशनच्या रॉकेलच्या दरातली सवलत संपली. निळे रॉकेल आमच्या मुलांनी पाहिलेलेही नाही.

प्रदर्शनात आमचा स्टोव्ह कोरडा, बिनरॉकेलचा मांडला. रेघेवर खडूची पूड तशीच ठेवली आणि शेजारी एक भिंग. आवाजाची सोय मिस्त्रींनी केली. त्यांनी स्वतःच्या रोजच्या वापरातला, तपासलेला स्टोव्ह आणला आणि मोकळ्या मैदानावर, वाळूच्या बादल्या ठेवून, मुलांना दहा पावले दूर उभे करून पेटवला. काकडा लावून ते दोन मिनिटे थांबले. एक मुलगा म्हणाला, "पंप मारा ना आता." त्यांनी मान हलवली.

नंतर भिंगातून रेघ पाहणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, गोठ्याऐवजी पडवीत ठेवला असता तर?" मी म्हणालो, बहुधा तडा गेला नसता, पण खात्री करायची तर काय करावे लागेल? तिने जरा विचार केला. "एकसारखे दोन पितळेचे तुकडे वाकवून एक गोठ्यात ठेवायचा, एक पडवीत."

पितळेचे चार तुकडे मी तिच्या बाईंकडे पाठवले आहेत. दोन वाकवलेले, दोन सरळ. या पावसाळ्यात ते माळ्यांवर चढतील. जिथे गोठा आणि पाऊस दोन्ही आहेत अशा शाळांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा. आणि आपल्या माळ्यावरचा आजीचा स्टोव्ह खाली काढलात, तर घासण्याआधी खडू फासून बघा. तो पेटवू मात्र नका.